लांब स्प्रिंग कोणत्या बाजूची

दोनदा मिस्त्री हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पान्यानं कसलेला नट दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय ते हात पुसत नसत, म्हणून पडलेलं. स्वभाव मुळात असा नव्हता. पंचविशीत एका सोबत्यानं “कसलंय मी, सोड गाडी” म्हटलं, यांनी जीप सोडली आणि उतारावर तिचं पुढचं चाक निखळलं. आत धाकटा भाऊ होता. तो वाचला, पण एका पायानं कायमचा अधू झाला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मिस्त्री त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले.

मुलगा बोटीवर नोकरीला गेला, तेव्हा गॅरेजात त्यांच्या जोडीला सून उभी राहिली. हात चांगला होता तिचा. पण तिचा सख्खा मामा सुट्या भागांचा दुकानदार, आणि तेवढं एक मिस्त्रींच्या मनात कुसळासारखं टोचत राहायचं.

एके दिवशी सकाळी गुरांच्या डॉक्टरीणबाई आपली जीप घेऊन आल्या. नदीच्या कोरड्या पात्रातून पलीकडच्या गोठ्यांवर जाताना गाडीचं पोट दगडांवर घासायचं. “दोन इंच उचलून द्या, टायर मोठे घाला. उद्या सकाळी हवी.”

सून लगेच जाऊन मामाकडून स्प्रिंगांचा खोका घेऊन आली. मिस्त्रींनी पुढच्या दोन स्प्रिंगा टेबलावर शेजारी उभ्या केल्या, आणि त्यांच्या भुवया चढल्या. एक स्प्रिंग दुसरीपेक्षा बोटभर लांब होती.

“कुठंतरी पाणी मुरतंय,” ते म्हणाले. “कुणाच्या तरी गाडीतून काढलेल्या जुन्या स्प्रिंगा रंग मारून दिल्यात.”

“बाबा, त्या तशाच असतात. चालक आणि डिझेलची टाकी एकाच बाजूला, म्हणून त्या बाजूची लांब. खोक्यात कागद आहे.”

“कागद कुणी दिला? तुझ्या मामानं. खरं कोण म्हणतंय? तू. उंदराला मांजर साक्ष!”

मिस्त्रींनी मामाला फोन लावला, अजून तिथंच बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या देखत नाही नाही ते बोलले आणि ठेवून दिला. मग म्हणाले, “बसवून दाखवतो. गाडी वाकडी उभी राहिली की बोलाव त्याला इथं.”

कागदाकडे न बघता त्यांनी लांब स्प्रिंग डावीकडे घातली. जॅक खाली आला आणि जीप उजव्या अंगाला कलली, डोक्यावर एकीकडेच ओझं घेतल्यासारखी.

“बघितलंस?”

“बघितलं,” सून म्हणाली आणि पाना उचलून कामाला लागली. दोन्ही स्प्रिंगा काढल्या, बाजू बदलल्या, पुन्हा बसवल्या. दुपार त्यातच गेली. मिस्त्री खुर्चीवरून तिचे हात बघत होते. कुठं पाचर तर घालत नाही ना, हाही संशय होताच. गाडी खाली आली ती सरळ. त्यांनी टेप लावला. चाकाच्या मध्यापासून मडगार्डापर्यंत, इकडं आणि तिकडं, चार वेळा. शेवटी फरशीच वाकडी असेल म्हणून पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून फरशीची पातळीही मोजली. फरशी सरळ होती. मिस्त्रींनी टेप गुंडाळून खिशात घातला.

संध्याकाळी मोठे टायर चढले. “झालं. ब्रेकच्या जुन्या नळ्या पुरतात म्हणून कागदावर लिहिलंय,” सून म्हणाली.

“लिहिलेलं राहू दे. जॅक लाव.”

त्यांनी चाक पूर्ण खाली लोंबू दिलं आणि स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळवलं. ब्रेकची रबरी नळी ताठ झाली, वाळत घातलेल्या दोरीसारखी. पात्रातल्या एखाद्या खड्ड्यात चाक लोंबलं असतं, तर ती तुटून ब्रेक गेले असते.

सून खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा उतरला होता. “मामा चुकला,” ती म्हणाली.

मिस्त्रींना यावर बरंच काही बोलता आलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “आणि मीही. सकाळी.”

डॉक्टरीणबाईंना एक दिवस थांबावं लागलं, त्या चिडल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्री लांब नळ्या आणायला स्वतः मामाच्या दुकानात गेले. “स्प्रिंगांचं मी उगाच बोललो. राग मानू नका. पण तो नळ्यांचा कागद तेवढा बदला, कुणाचा तरी जीव जाईल.”

मामानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही, आणि माफी? खरं सांगा, काय काम काढलंय?”

मिस्त्रींनी नळ्या उजेडात धरून दोन्ही टोकं तपासली आणि पिशवीत टाकल्या. त्या दुपारी त्यांनी एका बाजूची नळी बसवली, दुसऱ्या बाजूची सुनेला बसवू दिली. तिची मात्र तीनदा तपासली.