कानात नाही, समोर

"ही आमच्याकडं डोकी धुते," माझ्या मार्गदर्शक सरांनी इंग्रजीत माझी ओळख करून दिली.

परदेशी विद्यापीठातून आलेले तिघं पाहुणे हसले. सगळं सभागृह हसलं.

मेंदूविज्ञानात पीएचडी करते मी. पैठणी विणताना बाईचा मेंदू कसा चालतो, हा आमचा आणि त्या विद्यापीठाचा मिळून प्रकल्प. वर्षभर एसटीनं पैठणला गेले. बायकांच्या डोक्यावर तारांची टोपी बसवली, मेंदूतल्या लहरींच्या नोंदी घेतल्या. टोपीखाली जेल लावावं लागतं, ते केसांत सुकतं. कोमट पाण्यानं मीच त्यांचे केस धुवायची. त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. सरांनी ती वाटायला लावली. वर मराठीत म्हणाले, "बायका हिचं ऐकतात. त्यांच्यातलीच ना ही."

मंचावर आलेख दाखवत होती रेवती. माझ्याच वर्षाची. वडील डॉक्टर, सरांचे वर्गमित्र. पैठणला एकदाच आली, फोटोपुरती. नोंदी माझ्या, पडद्यावर नाव तिचं. मी जळायची. लई जळायची. तिच्या इंग्रजीवर. सर तिला 'बेटा' म्हणायचे, त्यावर. पडेगावच्या घरी मोरीत उभी राहून तिच्यासारखं 'थँक यू' म्हणून बघायची.

तिच्या आलेखात चूक होती. मला महिनाभर माहीत होतं. सरांना सांगितलं, तर म्हणाले, "तू नोंदी घे, अर्थ आम्ही लावू." रेवतीला मी सांगितलंच नाय. तोंडघशी पडावी म्हणून.

पडली. पाहुण्या बाईंनी विचारलं, "नक्षी बदलताना आलेख एकदम उसळतो, तो कानाजवळच्या तारांवरच का?" रेवती माझ्याकडं बघायला लागली. मला बरं वाटलं. तेही खरं सांगते.

सर माझ्याकडं वाकले. "जा, तिच्या कानात सांग."

मी उठले.

"कानात नाही सांगणार, सर. समोर सांगते."

मोडक्या इंग्रजीत सांगितलं. नक्षी बदलली की बायका तोंडातल्या तोंडात धागे मोजतात. जबडा हलतो. ती उसळी स्नायूंची, मेंदूची नाही. शब्द अडला तिथं जबडा हलवून दाखवला. कुणी हसलं नाय.

"नोंदी कुणी घेतल्या?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"मी."

नंतर केबिनमध्ये सर म्हणाले, "तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते." दाराबाहेर रेवतीनं अडवलं. "आधी का नाही सांगितलंस मला?" माझ्या जळण्यापायी त्या बायकांबद्दल खोटं छापलं गेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी विभागात अर्ज दिला. मार्गदर्शक बदला, शोधनिबंधात माझं नाव घाला. उत्तर नाय. दुसरा दिला. रेवती बोलायला लागली की अजून पोटात आग पडते. पडू दे. पण कुणाच्या पडण्याची वाट बघत आता गप्प बसणार नाय.

तिसरा अर्ज नेला तेव्हा विभागातले बाबू हळूच म्हणाले, "कायकू झगडा करते, मॅडम? बडे लोगां हैं."

म्हटलं, "पोच द्या. तारीख टाकून. नाव छापून येईपर्यंत दर सोमवारी येणार आहे."