दोन ट्रान्झिस्टर आणि चेअरमनसाहेबांचं भाषण

कडा गावच्या बाजारात माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुष्काळात जवळच्या एका दूध सोसायटीने चारा छावणी काढली. सोसायटीत दूध सोडून सगळं होतं. चेअरमन तर जरा जास्तच होते. छावणीत आले की त्यांना चाऱ्याआधी भोंगा लागायचा. तिथे वीज नव्हती. चाऱ्याच्या ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची आणि अ‍ॅम्प्लिफायर बाराचा.

त्यांनी मला बोलावलं, मी मध्ये रेग्युलेटर बसवला. नखाएवढी वस्तू, चोविसाचे बरोबर बारा करते. पण एक अँपिअरच्या वर करंट ओढला की तापून आपोआप बंद पडते. चेअरमनसाहेब "शेतकरी बंधूंनो" म्हणाले आणि भोंगा गप्प झाला. भाषण संपलं असं समजून लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"उद्या मी तासभर बोलणार हाय. कायबी कर," साहेबांनी फर्मावलं.

मग मी रेग्युलेटरला दोन दांडगे ट्रान्झिस्टर जोडले. त्याने नुसतं व्होल्टेज राखायचं, जादा करंट या दोघांनी वाहायचा. दोघांना अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर आवळलं. दुसऱ्या दिवशी असा आवाज निघाला की बैल दावी ओढायला लागले. मी कॉलर ताठ केली.

चाळीस मिनिटं झाली. चारा अजून ट्रकमध्येच, भाषण संपल्याशिवाय वाटप नाही. पत्र्याला बोट लावलं तर चटका बसला. मी साहेबांच्या कानाशी लागलो, "ट्रान्झिस्टर जळतील, आवरा आता."

माईकवर हात ठेवून ते म्हणाले, "मंग वलं पोतं लाव की! हौदातलं पानी घे."

आणि मी खरंच बादली भरली. दोन गाई घेऊन छावणीत राहिलेल्या एका धनगर बाईने वाट अडवली.

"कुटं नेतो रं पानी?"

"मशीन गार करायचंय, मावशी."

"दोन दिसानं टँकर आलाय. माझी गाय अजून पेली न्हाई, आन् तू भोंग्याला पाजतो व्हय?"

मी बादली तिच्या गाईपुढे ठेवली, परत गेलो आणि बॅटरीची वायर उपसली.

"काय झालं रं?" साहेब ओरडले.

"जळाले, साहेब. दोन्ही," मी म्हणालो. दोन्ही ठणठणीत होते.

साहेब भाषण सोडून खाली उतरले, तशी ट्रकची ताडपत्री सुटली आणि चारा वाटायला लागले. पुढच्या भाषणाला ते जनरेटरवाल्या छावणीत गेले. आमच्याकडे त्या भोंग्यावर चारावाटपाचे नंबर पुकारायला लागले. दोन शब्दांत काम व्हायचं, पत्रा कोमटही होत नसे. छावणी उठेपर्यंत तो भोंगा चालला.