श्वेतवाराहकल्पे

श्रीगजाननास आणि कुलस्वामिनीस वंदन करून, गेल्या विजयादशमीस मुठा खोऱ्यातील एका शेतकरी यजमानांकडे झालेल्या वाहनपूजेची हकिकत लिहितो.

त्यांच्या छपरात दोन जुन्या गाड्या होत्या. काळी अँबॅसेडर यजमानांच्या वडिलांनी घेतलेली. पांढरी, इटालियन बनावटीची, यजमानीणबाईंना माहेरहून मिळालेली. पुढे आलेल्या नाकाडामुळे तसल्या गाडीला सगळीकडेच ‘डुक्कर’ म्हणत. त्या घरात हा शब्द अंमळ अधिक चवीने उच्चारला जाई.

दोन्ही गाड्यांतून मी पूजेसाठी पौडच्या बाजूस पुष्कळ हिंडलो आहे. अँबॅसेडरचे कूळ इंग्रजी. आसन उंच, प्रशस्त. पगडी न काढता बसावे. खड्डा आला तर ती नुसती मान डोलावते, वळणावर मात्र जडपणे कलते. इटालियन गाडी अंगाने लहान, घाटात चटकन वळणारी. पण खड्डा थेट कमरेपर्यंत पोचवते. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागील बाजूस. त्यामुळे धोतर सावरीत आधी बसावे, मग पाय आत घ्यावेत. माझ्या वयाला ही सोय मोठी वाटते.

छपराच्या जागी भाड्याच्या खोल्या उठणार होत्या आणि एकाच गाडीपुरती जागा उरणार होती. डुक्कर भंगारात द्यायचे यजमानांनी ठरविले होते. म्हणून पूजा फक्त अँबॅसेडरची मांडली होती. बाई नैवेद्याचे ताट घेऊन पांढऱ्या गाडीपाशी उभ्या राहिल्या.

मी संकल्प सांगू लागलो. यजमान हातात पाणी घेऊन माझ्यामागून म्हणत होते. प्रत्येक संकल्पात चालू कल्पाचे नाव येतेच : श्रीश्वेतवाराहकल्पे. तेथे बाईंनी विचारले, “गुरुजी, श्वेत मंजी पांढरं ना? आन् वाराह?”

वराह हा श्रीविष्णूंचा अवतार, आणि आपण सारे ज्या कल्पात जगतो तो त्याच्याच नावाचा, असे मी सांगितले.

“मंजी पांढरं डुक्कर.” त्या यजमानांकडे वळल्या. “अवं, हातात पाणी घिऊन तुमी आत्ता त्येचंच नाव घेतलंय. आन् भंगारात कुणाला घालताय?”

यजमान मग मला म्हणाले, “गुरुजी, ह्ये तुमी आज मुद्दाम घातलं व्हय?”

“तुमच्या लग्नातही हेच म्हटले होते,” मी म्हणालो.

त्यांनी पाणी सोडले आणि पांढरीच्या चाकाखाली ठेवायला आणखी एक लिंबू मागविले.

कासारसाईला राहणारे यजमानांचे धाकटे बंधू वडिलांची आठवण म्हणून अँबॅसेडर कधीपासून मागत होते. दिवाळीनंतर ती तिकडे गेली. ती फाटकाबाहेर पडेपर्यंत यजमान तिच्या मागच्या काचेवर हात ठेवून चालत होते. पांढरी आता एकटीच उभी असते. तिला अजून डुक्करच म्हणतात, बाईही म्हणतात.

हे वाचणाऱ्याच्या दारचे वाहन नित्य सुखरूप परतो, आणि त्या घरी सुनेच्या माहेराहून जे आले असेल त्यास मानाची जागा लाभो.