फिश फाइंडरवर चढत गेलेली रेघ

या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना, करमणूक म्हणून वाचत आले. कुणाला वडाखाली बाई दिसली की माझा पहिला प्रश्न – तिथे बल्ब किती वॉटचा होता? माझं कामच तसं आहे हो. कल्याणच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मी टीव्ही, मॉनिटर, असलीच यंत्रं दुरुस्त करते. यंत्र खोटं बोलत नाही, फार तर वायर सैल असते, हे माझं मत. ते आजही बदललेलं नाही, म्हणून तर हे लिहिणं जिवावर आलंय.

मी लग्न होऊन आसनगावला. धाकटा भाऊ नितीन आमच्या गावी, भातसा धरणाच्या फुगवट्याच्या काठी राहतो. आई त्याच्याकडे असते. नितीनने मासेमारीसाठी छोटी फायबरची बोट घेतली आणि यंदा दिवाळीआधी ऑनलाइन फिश फाइंडर मागवला. पाण्यात आवाजाची लहर सोडायची, ती आपटून परत आली की तळ किती खोल, मासे कुठे, ते पडद्यावर दिसतं. पठ्ठ्याने तो स्वतःच बसवला आणि मग मला फोन – "ताई, मशीन सगळीकडं मासेच मासे दाखवतंय. जाळ्यात एक नाय."

भाऊबिजेला गेले ती स्क्रूड्रायव्हर घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीकडे निघालो तर आई आमच्या आधी काठावर हजर... नवं लुगडं नेसून, हातात छोटी पिशवी.

इथे एक सांगायला हवं. आईचं माहेर याच पाण्याखाली आहे. तिचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी धरणात पाणी भरलं. माहेरची माणसं मुरबाडच्या बाजूला गेली. जन्मभर आई दारात बसून तांदूळ निवडायची ती या पाण्याकडे तोंड करून. पण बोटीत कधी बसली नाही. "वरून काय बघायचं? पाणीच ना," म्हणायची.

त्या दिवशी म्हणाली, "खालचं दाखवतं ना तुमचं मशीन? मग मला माझं घर दाखवा."

"आई, फोटो नाही दिसत त्यात. नुसती रेघ दिसते."

"रेघ तर रेघ."

आधी काठाजवळच यंत्राकडे बघितलं. नितीनने सेन्सर मोटरला चिकटून, तोही तिरका बसवलेला. मोटरचे बुडबुडे पडद्यावर मासे म्हणून मिरवत होते. सेन्सर मागच्या फळीच्या दुसऱ्या टोकाला घेतला, तोंड सरळ खाली केलं, बॅटरी वेगळी दिली. ऑटो बंद. सेन्सिटिव्हिटी पडदा ठिपक्यांनी भरेपर्यंत वाढवली, मग ठिपके जाईपर्यंत हळूहळू उतरवली. पानालासुद्धा मासा समजून चित्र काढणारी ती सोयही बंद केली. उरली तळाची एक स्वच्छ, जाड रेघ.

"ताई, तू तर सगळे मासे मारलेस," नितीन म्हणाला.

मग आईने वाट दाखवली. "माहुलीचा मोठा सुळका त्या टेकडीच्या डोक्यावर आला ना, की आमचं अंगण." सुळका बरोबर तिथे आला तेव्हा नितीनने मोटर बंद केली. वारा नव्हता. बोट जागच्या जागी उभी.

मी पडद्यावर डोळे लावले. झूम केलं, पुन्हा सेन्सिटिव्हिटी वाढवली. भिंत नाही, जोतं नाही, विहिरीचा खड्डा नाही. तळ सपाट, जमीन सारवल्यासारखा.

"गाळ आहे गं आई. सगळं बुजलंय."

तिने मान हलवली फक्त. मला रडूच आलं. एवढ्या वर्षांनी ती काहीतरी मागते आणि मी तिला गाळ दाखवते! त्या यंत्राचा इतका राग आला, की उचलून पाण्यात टाकावंसं वाटलं.

आई बोटीच्या पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसली होती. तशीच पाण्याकडे बघत म्हणाली, "शेवटच्या दिवशी आयेनं माझी ओटी भरली नाय. तांदळाची पोती टेम्पोत गेलेली. म्हणाली, पुढच्या खेपेला भरते." पुढची खेप आलीच नाही. आजी नव्या गावी फार दिवस टिकली नाही.

आमच्यात लेक निघताना ओटीतले चिमूटभर तांदूळ माहेरी परत ठेवते, माहेर भरलेलं राहावं म्हणून. आईने पिशवीतून मूठभर तांदूळ काढले आणि पाण्यात सोडले. तिला कुणी काही दिलं नव्हतं, तरी.

पडदा उजवीकडून डावीकडे सरकत राहतो, बोट थांबलेली असली तरी. खाली जाणारे तांदूळ त्यावर उतरत्या रेघेसारखे उमटले. ते साहजिकच आहे. रेघ तळाला टेकली.

आणि मग तिथूनच दुसरी रेघ निघाली... वर.

"ताई, हे काय?" नितीन कुजबुजला.

गाळातला वायू सुटला असेल, मला वाटलं. पण पाण्यावर एक बुडबुडा नव्हता, आरशासारखं पाणी. रेघ तांदळाच्या रेघेएवढीच जाड, तेवढ्याच संथ चालीने वर येत होती. ती वरच्या टोकाला भिडायला आणि आईने वाकून, दोन्ही हातांनी पदर पाण्यावर पसरायला एकच गाठ पडली.

"येते गो आये," आई म्हणाली. पदर गोळा केला, कमरेला खोचला. "चल रे नितीन, घरी."

पदरात काही होतं का, ते मला दिसलं नाही. सोडून दाखव म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

काठावर उतरल्यावर विचारलं, "आई, पडद्यावरची रेघ दिसली होती का तुला?"

"मला कुठं दिसतं गो तुझ्या मशीनीतलं."

"मग पदर कशाला पसरलास?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच खुळी आहे. "माहेरून लेकीला रिकामी कोण पाठवतं गो?"

सेन्सर, वायर, बॅटरी – सगळं पुन्हा तपासलं. दोष नाही. नंतर एका रविवारी नितीनला घेऊन त्याच जागी गेले, सुळका टेकडीच्या डोक्यावर आणून तांदूळ सोडले. उतरती रेघ दर वेळी आली. चढती एकदाही नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मोठ्या साहेबांना विचारलं, त्यांनी बरीच कारणं सांगितली. एकही मला पटलं नाही, आणि पटणारं माझ्याकडेही नाही.

आता हसा हवं तर. त्या रविवारी नितीन पलीकडे बघत असताना मी माझी ओढणी पाण्यावर पसरली होती. बराच वेळ. हात भरून आले तरी.

काही आलं नाही. मी त्या घरची नात... लेक ती होती.