पुण्याची धाकटी जाऊ

आमचं घर शेतातच, आणि त्याच्या शेजारच्या खोलीवरून आमच्यात बरेच दिवस कुरबुर चालली होती. खोली साधीच, विटांची, वर पत्रे. पत्रे तापू नयेत म्हणून सुनेने त्यांच्यावर कडबा अंथरला होता. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती हळदीची पोती ठेवायला हवी होती, आणि सुनेला तिथे शहरातली माणसं राहायला आणायची होती.

सून मला आत्या म्हणते आणि मालकांना मामा. "मामा, लोकांना आता गर्दीच्या गावाला जायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली. "शेतात निवांत राहायचं, पायी फिरायचं, कचरा करायचा न्हाई, अशी सुट्टी पाहिजे त्यांना."

"आपल्या इथं काय हाय बघायला? समुद्र न्हाई, डोंगर न्हाई. पुसेगाव सोडलं की नुसतं शिवार."

"शिवारच बघायला येतात."

"मग मला बी पैसे द्या. मी जल्मापासून बघून राहिलो."

शेवटी मालकांनी एक अट घातली. पहिले पाहुणे खुशीत परत गेले तर खोली सुनेची, नाही तर हळदीची. सून लगेच कामाला लागली. पाण्याला माठ ठेवला, प्लास्टिकची एकही वस्तू नको म्हणून पळसाच्या पत्रावळी लावून घेतल्या, न्हाणीचं पाणी केळीच्या आळ्यात सोडलं. एवढ्या हौसेने तिने स्वतःच्या लग्नातसुद्धा काही केलं नसेल.

पाहुणे आले ते पुण्याचे नवरा-बायको, साधारण आमच्याच वयाचे. रेल्वेने हिंगोलीला उतरले, तिथून एसटीने फाट्यावर. मालक बैलगाडी घेऊन आणायला गेले, तर त्या दोघांनी गाडीत फक्त पिशव्या टाकल्या आणि स्वतः मागून पायी आले. मालक एकटे गाडीत बसून पुढे. गावाने ते बघितलं आणि मालकांना चार दिवस चिडवलं.

मी पहिल्यापासून बुजरी. परक्या माणसासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी स्वयंपाक करायची, ताटं सुनेच्या हाती द्यायची आणि दाराआड उभी राहायची. त्यात हळदीची काढणी ऐन भरात होती. आम्ही बायका शेतात बसून उकरलेल्या गड्ड्यांची हळकुंडं मोडून वेगळी करायचो. पुण्याच्या बाई तिथे आल्या की मी उठून त्यांच्यासाठी बाज ओढायची. त्या खाली बसल्या तर सतरंजी टाकायची. हळकुंडाला हात लावला तर ते काढून घ्यायची. त्यांनी कप विसळायला घेतला, मी हिसकावला. झाडू घेतला, तोही हिसकावला. "राहू द्या, राहू द्या," यापलीकडे मी त्यांच्याशी काही बोलले नाही. पाहुण्याच्या हाताला काम लागलं तर आमच्याकडे घराची इज्जत जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सून चुलीजवळ येऊन बसली. चेहरा उतरलेला.

"आत्या, पाव्हणे आज दुपारच्या गाडीनं जातो म्हणून राहिले."

"काहून? भाजी तिखट झाली का?"

"जेवण आवडलं. ताई म्हणतात, सासूबाईंना आमची तकलीफ होतीय. आम्ही जवळ गेलो की त्या उठतात. हळदीच्या घाईत आम्ही ओझं झालो."

मालक अंगणात तोंड धूत होते. त्यांना ऐकू गेलं. ते दोरीवरची हळदीची रिकामी पोती काढून झटकायला लागले. सुनेने तोंड चुलीकडे केलं आणि चांगल्या पेटलेल्या जाळावर फुंकणी घेऊन फुंकत बसली.

मला ते बघवेना. मी उठून खोलीकडे गेले. वाटेत काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं, पण दारात गेल्यावर एकही शब्द आठवेना. बाई पिशवीत कपडे भरत होत्या.

"तुमी पाव्हण्या," मी कशीबशी म्हणाले. "पाव्हण्याला काम कसं सांगावं?"

"अहो, मी त्यासाठीच तर आले. रिकामं बसायला पुण्यात घर आहेच की."

मी विचारात पडले. पाहुणीला काम सांगता येत नाही. लेकीलाही नाही, ती माहेरी विसाव्याला येते. नणंदेला काम सांगायची तर छातीच नाही. राहता राहिलं एकच नातं.

"मग तुमी माझ्या धाकट्या जाऊबाई व्हा," मी मान खाली घालून म्हणाले. "जाऊला काम सांगता येतंय."

बाईंनी हातातली घडी पिशवीवर ठेवली. मग म्हणाल्या, "धाकटी का? मोठी होते की."

"मोठ्या झालात तर तुमीच मला काम सांगाल."

त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मलाही हसू आलं. मी घरातून करंडा आणून त्यांना हळद-कुंकू लावलं आणि म्हणाले, "आता ती पिशवी सोडा. ओढणी कमरेला बांधा. ऊन व्हायच्या आत बसावं लागतंय."

त्या दिवशी मी जेवढं बोलले तेवढं वर्षात बोलत नाही. बाई गड्डे आणि हळकुंडं एकाच पाटीत टाकत होत्या. "जाऊबाई, सासूनं हेच शिकवलं का?" मी विचारलं. "सासू तुमचीही तीच," त्या म्हणाल्या. बायका हसून लोळल्या.

एवढ्यात मालक आले. "पाव्हणीला कामाला लावलं? जरा तरी लाज—"

"पाहुणी कोण? मी जाऊ आहे," बाई म्हणाल्या. "भावजी, ती पाटी उचला बघू."

मालकांनी डोक्यावरची टोपी नीट केली. धाकट्या भावजयीशी थोरल्या दिराने तोंड वर करून बोलायचं नसतं. त्यांनी खाली बघत पाटी उचलली. मग बाईंच्या नवऱ्याला म्हणाले, "चला, धाकटे भाऊ, हळद शिजवायची हाय." दोघं कढईखाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारत बसले. हळद शिजली का ते काडी खुपसून बघायचं काम धाकट्या भावाने सगळ्यांकडून काढून घेतलं.

पाहुणे ठरल्यापेक्षा जास्त राहिले. संध्याकाळी आम्ही दोघी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, फिरायला जायचो. एवढी वर्षं मी त्या धुऱ्यावरून डोक्यावर ओझं घेऊनच गेले होते. रिकाम्या हाताने चालल्यावर कळलं की तिथून सूर्य बुडताना दिसतो.

निघायच्या दिवशी बाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या. "जाऊबाई, वाटणी करा. मी मोडलेली हळद मला पाहिजे."

"निम्मी मला परत मोडावी लागली! आणि ती वाळतीय अजून. ओली नेली तर बुरशी धरंल."

"मग न्यायला परत येते. पण कुणाच्या ढिगात मिसळायची नाही, सांगून ठेवते."

आमचा आवाज एवढा चढला की शेजारच्या बायका भांडण बघायला धुऱ्यावर येऊन थांबल्या.

पाहुणे गेल्यावर मालकांनी बाईंच्या वाळत्या हळदीभोवती विटा मांडल्या. हळद वाळली, पोती भरली, आणि ती त्यांनी घराच्या ओसरीतच रचली. आता तिथे बाज टाकायला जागा नाही. सुनेने भीत भीत विचारलं, "मामा, पोती खोलीत न्हाई ठेवली?"

"धाकट्या भावाची खोली हाय ती," मालक म्हणाले. "त्याला न इचारता माझी पोती कशी ठेवू?"