आधी माती, मंग धूळ

मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, मी तीस वर्षं धान्य चाळलं. दाणा चाळणीतून खाली पडतो, खडे वर राहतात, आणि दिवसाच्या शेवटी खड्यांचा ढीग बघून आपणच चाट पडतो. माझ्या डोक्याचंही तसंच झालंय. शिकलेलं सगळं खाली गळालं, कुणाच्या तरी भाकरीत गेलं असेल. वर राहिले ते किस्से! पोरीबाळी भेटल्या की म्हणतात, "सारजाआत्या, तो भोपळ्याचा सांगा ना!" सांगते. पण भोपळ्याआधी माझा फॉर्म येतो.

* * *

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या आमच्या प्रेस्बिटेरियन मंडळीकडे पाळक एक, गावं नऊ आणि लूना एक. तीही उतारावरच चालायची! मग पाळकसाहेबांनी ठरवलं, साध्या माणसांनाच तयार करायचं. उपासना चालवायची, आजाऱ्याला भेटायचं, मातीला, म्हणजे माणूस पुरताना, उभं राहून दोन शब्द बोलायचे. महिन्यातून दोन शनिवार क्लास, चर्चच्या मागच्या खोलीत. शेवटी परीक्षा, आणि पास झालं की परवानगीचं पत्र.

ते पत्र मला पाहिजे होतं. माझी शेजारीण गेली तेव्हा पाळकसाहेब लूनासकट कुठं तरी अडकले होते. तीन तास तिची पेटी उन्हात. शब्द मला सगळे पाठ होते. पण परवानगी नव्हती, म्हणून ओठ शिवून उभी राहिले. त्या उन्हाचा चटका मला आजही बसतो.

फॉर्मवर छापलं होतं : सातवी पास. फॉर्म घ्यायला बसला होता आमोस. आमच्यात लोक आपल्यातूनच कारभारी निवडतात, त्यांना 'वडील' म्हणतात. हा त्या वडीलमंडळाचा सेक्रेटरी. गाव हसनाबादकडचं, मिशी पांढरी, आणि दुसऱ्याची चूक दिसली की याला ढेकर आल्यासारखं बरं वाटायचं!

"शाळा कुठवर?" त्यानं विचारलं.

"शाळेच्या दारापर्यंत. रोज जायचे, लेकराला सोडायला!"

"मंग वाचता कसं येतं?"

"गीतं पाठ होती. पुस्तकातल्या त्याच गीतावर बोट ठेवून म्हणत गेले. एक दिवस बोट आणि तोंड बराबर चालायला लागलं."

खोटं नाही. अर्धी अक्षरं गीतांनी शिकवली, अर्धी मोंढ्यातल्या पोत्यांवरच्या छाप्यांनी. मास्तर म्हणून मला कुणाचे पाय धरावे लागले नाहीत!

आमोस म्हणाला, "बायकांनी उपासना चालवायची, मंग आम्ही काय भाकऱ्या थापायच्या?"

"थापा की! पीठ मी चाळून देते."

तो लाल झाला. टेबलावर हात आपटून म्हणाला, "लिहून ठेव सारजाबाई. मी मेलो तरी बाईच्या हातची माती घेणार न्हाई!"

पाळकसाहेबांनी मला क्लासात बसवून घेतलं. पण परवानगीच्या पत्रावर सही लागणार होती सेक्रेटरीची. म्हणजे याचीच. आणि पाळकसाहेबांनी सगळ्या वडिलांनाही सक्ती केलेली, त्यामुळं हा माझ्याच शेजारी शिकायला बसला!

* * *

क्लासातला दुसरा नग शांतवन. एसटीत कंडक्टर. माणूस सोन्यासारखा, पण ड्युटी अंगात मुरलेली.

पहिल्यांदा उपासना चालवायला उभा राहिला. आमच्या लोकांची एक जुनी खोड, सगळे मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसणार आणि पुढचे चार बाक रिकामे. शांतवननं पुस्तक उघडलं, मान वर केली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "चला, पुढं सरका! पुढं जागा हाय! दारात कुणी थांबू नका!"

अख्खी मंडळी उठली आणि निमूट पुढं येऊन बसली!

पाळकसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "बारा वर्षं मी हात जोडतोय. कुणी हललं न्हाई!"

त्यानंतर महिनाभर पाळकसाहेबही "पुढं सरका" म्हणून बघत होते. पण त्यांच्या आवाजात एसटी नव्हती.

* * *

आजाऱ्याला भेटायचं कसं, हा एक धडा होता. पाळकसाहेब सांगायचे, आजाऱ्याजवळ बसा, ऐका, प्रार्थना छोटी करा. आमोसला 'छोटी' हा शब्द त्याच्यासाठी नाही असं वाटायचं.

आम्ही दोघं प्रॅक्टिसला दवाखान्यात गेल्तो. आमच्या मंडळीतली एक म्हातारी ॲडमिट होती. तेवढ्यात मला नर्सनं पाणी आणायला पाठवलं. इकडे आमोसनं डोळे मिटले आणि सुरू केलं. आधी म्हातारी, मग तिची लेकरं, मग वॉर्ड, मग डॉक्टर, मग जिल्हा, मग देशाचे पुढारी. मी पाणी घेऊन दारापर्यंत आले तरी त्याचा आवाज पुढाऱ्यांवरच होता. शेवटी एकदाचं "आमेन" झालं. डोळे उघडले तर खाट रिकामी!

घाबरून इकडंतिकडं बघायला लागला. शेजारच्या खाटेवरची चाची म्हणाली, "वो तो कब की गई, चाचा. बेटा आके छुट्टी कराके ले गया. लेकिन बोलते अच्छा तुम. अब मेरे वास्ते भी बोलो, थोडा!"

आमोसनं स्टूल तिच्या खाटेकडं ओढलं. मग त्यावर बसला आणि दोन ओळींत आटपलं. आयुष्यातली त्याची सगळ्यात चांगली प्रार्थना तीच! मी तसं म्हटलं तर म्हणाला, "तू मधी बोलू नको."

* * *

आता भोपळा.

बाप्तिस्मा पाळकच देतात, आम्हाला तो अधिकार नाही. पण लेकरू पाळकांच्या हातात द्यायचं काम वडिलांकडे असायचं, आणि आमोसनं एकदा लेकरू उलटं दिल्तं. म्हणून पाळकसाहेब म्हणाले, आज लेकरू धरायची प्रॅक्टिस.

लेकरू कुठून आणायचं? मी दुपारच्या भाजीसाठी दुधी भोपळा आणला होता. चांगला तीन-चार किलोचा, अंगानं भरलेला. टॉवेलात गुंडाळला. आमोसनं मान सांभाळून धरला. पाळकसाहेबांनी सवयीनं विचारलं, "लेकराचं नाव?"

शांतवन मागून म्हणाला, "शलमोन!"

प्रॅक्टिस झक्कास झाली. दुपारी मी विळी मांडली, टॉवेल सोडला, तर शांतवन आडवा आला. "आत्या, नाव ठेवलेल्याला कापता?"

आमोस म्हणाला, "पाणी कुठं घातलं? बाप्तिस्मा झालाच न्हाई. बिलकुल काप!"

"मंग तुम्हीच कापा की, वडील."

आमोस विळीवर बसला. भोपळ्याकडं बघितलं. विळी बाजूला सारली. म्हणाला, "मला आज भूक कमी हाय."

त्या दिवशी सगळ्यांनी ठेचा-भाकरी खाल्ली! मी भोपळा घरी नेला, पत्र्यावर वाळवला, बी धरलं, गल्लीत वाटलं. आज जुन्या जालन्यातल्या कितीतरी पत्र्यांवर शलमोनाचं खानदान चढलंय. त्यांना मात्र आम्ही बेधडक कापतो.

* * *

मग आली मातीची प्रॅक्टिस. त्याला मेलेला माणूस पाहिजे. आमोसची कंबर धरली होती, म्हणून तो आपणहून बाजेवर आडवा झाला. एकेक जण यायचा, मुठीतली माती सोडल्यासारखं करून म्हणायचा : मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ.

माझी पाळी आली. शांतवन म्हणाला, "वडील, उठा! बाई आल्या."

बाजेवरून आवाज आला, "मेलेला माणूस उठंल कसा?" कंबर खरंच धरली होती!

मी हात पुढं केला. तो समोर पडलेला बघून तोंडातून निघालं, "धुळीला धूळ..."

मढ्यानं एक डोळा उघडला. "आधी माती!"

पाळकसाहेब म्हणाले, "वडील, तुम्ही मेलाय."

"मेलो म्हणून काय चुकीचं ऐकून घ्यायचं?"

सगळे हसून लोळले. मी परत सुरू केलं, परत धूळच आधी आली. तो कोपरावर उठून बसला. "आधी माती, मंग राख, मंग धूळ! किती बार सांगू?"

तिसऱ्यांदाही मी धूळच आधी म्हटली. तिसऱ्यांदा मुद्दाम! तो पुरा उठून उभा राहिला. कंबर कुठल्या कुठं गेल्ती.

* * *

परीक्षेला बाहेरगावाहून कमिटीचे साहेब आले. मी वाचन केलं, बोलले. मोठे साहेब म्हणाले, "बाई, हे पाठ करून आल्यासारखं वाटतं. शाळा तर झालेली नाही." आणि त्यांनी बायबलातलं वंशावळीचं पान काढलं. नुसती नावं! अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. ते कोण पाठ करतंय?

मी सुरू केलं. बोट आणि तोंड बराबर. पोत्यांवरचे पुसट छापे वाचलेत मी, छापील पान काय चीज आहे! मध्येच साहेबांनी थांबवलं. "हे नाव चुकलं."

मी बोट त्याच नावावर दाबून धरलं. माझं पत्र त्या एका नावावर अडकलं होतं.

कोपऱ्यात आमोस आपलं बायबल उघडून माझ्याबरोबर ओळीवर बोट चालवत होता. कुणाची चूक सापडते का बघायला, दुसरं काय! तो उठला. "साहेब, बाईचं बराबर हाय. चूक तुमची हाय. चष्मा पुसा आणि बघा."

साहेबांनी चष्मा पुसला. बघितलं. पुढचं वाचायला सांगितलंच नाही.

संध्याकाळी आमोसनं पत्रावर सही केली. मी म्हटलं, "मंग, भाकऱ्या शिकायला कधी येता?"

"सही केली म्हणजे माती घेईन असं न्हाई हां!"

* * *

पुढं मी कितीतरी उपासना चालवल्या, कितीतरी मातींना उभी राहिले. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका दुपारी हसनाबादकडून फोन आला. आमोसची बायको ताराबाई. "सारजा, तो गेला. तुझंच नाव सांगून ठेवलंय त्यानं. पाळकसाहेब येतीलच, पण माती तूच द्यायची म्हणला. आणि म्हणला, तिला सांग, क्रम बघ."

गेले. सगळं गाव जमलं होतं. पाळकसाहेब आता म्हातारे झालेले, पुस्तक घेऊन बाजूला उभे राहिले. शांतवन रिटायर झालेला, तरी लोकांना "पुढं सरका" म्हणतच होता. पेटी खाली उतरली. मी वाकून मूठभर काळी माती घेतली. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते मी.

म्हटलं, "धुळीला धूळ..."

आणि थांबले. पेटीकडं बघत राहिले. पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली.

तेवढ्यात ताराबाईनं डोळ्यांवरचा पदर काढला आणि ओरडली, "अगं बराबर म्हण ना सारजा! उठंल ना तो!"