पूजेत बसवलेली दहाची नोट

माझं आणि माझ्या साडूचं जमत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून समंजसपणाची अपेक्षा ठेवायला नको. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. मी चिखलीत एका ऑफिसात कारकून, त्याचं खामगावला हार्डवेअरचं दुकान. आणि दोघांना खोडही एकच, जगभरच्या जुन्या नोटा जमवायची.

नोटा जमवणारा माणूस मुळात खुनशी असतो. आपल्याकडे आहे यापेक्षा दुसऱ्याकडे नाही, यात त्याला जास्त गोडी. माझ्याकडे झिम्बाब्वेची शंभर ट्रिलियनची नोट आहे. ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा साडू भर पंगतीत म्हणाला, "एवढे ट्रिलियन खिशात, अन् चहाचे पैसे मले काऊन द्यायले लावता हो?" सगळी पंगत हसली. मीही हसलो, पण दात आवळून.

माझी पाळी लवकरच आली. त्याला कुठून तरी जपान्यांनी ब्रह्मदेशात छापलेली युद्धाच्या वेळची नोट मिळाली. घड्या पडलेली होती, म्हणून या महाभागाने तिच्यावर इस्त्री फिरवली. इस्त्रीने कागद मरतो, त्याचा कडकपणा जातो, हे आमच्या धंद्यातलं बिगारीचं ज्ञान. पुढे कित्येक वर्षं तो दिसला की मी विचारायचो, "काय साडूभाऊ, आज कोणती नोट धुवायले टाकली?" त्याचे कान लाल व्हायचे. ते लाल कान बघायला मी चिखलीहून खामगावला गेलेलो आहे, स्वतःचं पेट्रोल जाळून.

मग सासरे वारले. अमडापूरच्या घरात त्यांची ट्रंक उघडली तर तळाशी, वर्तमानपत्राच्या कागदात, हैदराबाद संस्थानाची दहाची नोट. सासऱ्यांचे वडील बैल विकायला जालन्याकडच्या बाजारात जायचे, तिकडे तेव्हा हेच चलन. समोर उर्दू, मागे इतर लिप्यांबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली, आणि घडी एकच, तीही हलकी. मी आणि साडू दोघांनी एकदमच हात घातला. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, आधी आमच्या हातांकडे पाहिलं.

"कापून अर्धी-अर्धी देऊ काय दोघाले?"

त्या खरंच विचारत होत्या. आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मला ते पटलं. अर्धी नोट कवडीमोलाची, पण त्याच्याकडेही अर्धीच. साडूच्या चेहऱ्यावरही तोच हिशेब दिसला. आयुष्यात आमचं एकमत झालेला तो एकमेव क्षण.

शेवटी मामींनी निवाडा दिला. अखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दिवाळीपर्यंत नोट माझ्याकडे, भाऊबीजेला अमडापुरात सगळे जमले की त्याच्या हवाली, पुढच्या अखाजीला परत माझ्याकडे. ट्रंक माहेरची, शब्द मामींचा, त्यावर अपील नाही.

ते सहा महिने मी सुखात होतो असं कोणाला वाटत असेल तर चूक आहे. रोज चिमट्याने नोट काढायची, खिडकीच्या उजेडात धरायची, आणि डोळ्यांपुढे साडूची इस्त्री यायची. त्याच्या दुकानात नोटेवर खिळ्यांचा डबा ठेवलेला दिसायचा. दिवाळी जवळ आली तसं मला जेवण जाईना.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी डोकं चाललं. आमच्याकडे पूजेत मांडलेली लक्ष्मी घराबाहेर जात नाही. तबकातलं नाणं असो की नोट, ती खर्चत नाहीत, कोणाला देत नाहीत, सरळ देवाजवळ ठेवतात. मामी तर या बाबतीत फारच कडक. म्हणजे नोट एकदा पूजेला बसली की साडूच्या बापालाही मागता येणार नाही, आणि मामीच त्याला गप्प करतील. माझ्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोनदा जेवलो.

पूजेला सोवळं नेसलो. एरवी मी फटाक्यांची वात लावायला उठतो, तेवढाच माझा धर्म. बायको बघतच राहिली. मी नोट प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढली.

"अहो, पाकिटावरच लावा न कुंकू," बायको म्हणाली. "आतल्या आत राह्यली तर काय बिघडते?"

"प्लास्टिकची पूजा होते काय?" मी म्हणालो. मला पुरावा पक्का हवा होता. साडू बेरका. पाकीट पुसून तो म्हणाला असता, कुंकू कुठे आहे?

तेव्हा वाटीतल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि नोटेच्या मधोमध ठसठशीत दाबला.

जुना कागद तहानलेला असतो. त्याने ते कुंकू पिऊन घेतलं. टिळा होता तो बोट झाला, बोटाचा हात झाला, आणि उर्दू अक्षरांवरून लाल पाणी सावकाश किनारीकडे निघालं. मी फुंकर मारली. फुंकरीने ते जरा जोरात निघालं. उलटून पाहिलं तर मागची मराठीही गेली होती. समोर बायको आरती म्हणत होती, आणि मी टाळी वाजवत होतो, काय करणार.

इथे तरी शहाण्याने थांबावं. नोट देवाजवळ ठेवावी आणि अमडापूरला निरोप द्यावा. बायको तेच सांगत होती. "मोबाइलवर फोटो दाखवा, ती घरीच असू द्या."

पण फोटोत साडूचं तोंड कसं दिसणार? नोट गेली ती गेली, निदान त्याचा जळफळाट तरी समोर बसून बघावा, म्हणून भाऊबीजेला ती पिशवीत घालून मोटरसायकलवर अमडापूर गाठलं.

साडू दारातच हात पसरून उभा. "आणली न? द्या इकडं."

"आता ती कोणाले देता येत नाही," मी म्हणालो आणि नोट समोर धरली. "लक्ष्मीपूजनात बसवली म्या. विचारा मामीले."

त्याने नोट पाहिली. मला वाटलं होतं तो चिडेल. तो हसायला लागला. पोट धरून, ओसरीच्या खांबाला टेकून हसला. "अबे बाप रे! अन् मले इस्त्रीवाला म्हणत होते! साडूभाऊ, हे काय केलं तुमी, रंगपंचमी खेळले काय हिच्यासंगं?"

"हसा," मी म्हणालो. "पण तुमाले भेटणार नाही."

"हाव, मले भेटणारच नाही," तो डोळे पुसत म्हणाला. "पण अशी मले पाह्यजेही नाही न!"

तेवढ्यात आतून मामी आल्या. त्यांनी नोट घेतली, कुंकवाला हात लावून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळल्या.

"पूजेतली लक्ष्मी तुमी घराच्या भाईर काढली, जवाईबापू?"

मी म्हणालो, "दाखवायले आणली, मामी. परत नेतो."

"परत काऊन नेता? तुमच्या घरातून निंगाली, माह्या घरात आली. आता इथून ते हालत नाही."

साडूचं हसू थांबलं. माझं तोंड तर आधीच उघडं होतं. मामी आत गेल्या, नोट देव्हाऱ्यात बालाजीच्या फोटोला टेकवून ठेवली, आणि आमच्या देखत तिच्यावर हळदीचं एक ओलं बोट ओढलं.

त्या आता दर शुक्रवारी ओढतात. गेल्या दिवाळीला पाहिलं तर नोटेचा एकच कोपरा कागदासारखा उरला होता, बाकी सगळा शेंदरी पापुद्रा. आम्ही दोघं देव्हाऱ्यासमोर उभे होतो, अंतर राखून.

"सोन्यासारखी नोट नासवली तुमी," साडू दातओठ खात म्हणाला. "माह्याकडं असती तर कशी राह्यली असती!"

"कडक इस्त्रीची," मी म्हणालो.

कान लाल झाले. मी प्रसाद घेतला आणि अगदी सावकाश खाल्ला.